घोळाणा म्हणजे सॅलडच की
कुणीतरी म्हणतं की हिरव्या सॅलडनं पोट भरत नाही, तासाभरात परत भूक. नुसती पानं चावल्यावर दुसरं काय होणार! आमच्याकडं सांगलीत दसरा झाला की बाजारात कोवळी मेथी, कांद्याची पात, मुळा दिसायला लागतो, त्याचा घोळाणा करून बघा, मेथी बारीक चिरायची, पात आणि मुळ्याचा कीस घालायचा, वर दोन मुठी शेंगदाण्याचं जाडसर कूट, कच्चं शेंगतेल, तिखट. कुटानं पोटाला आधार होतो.

मीठ मात्र ताटात वाढतानाच, आधी घातलं की मुळ्याला पाणी सुटून लगदा होतो (माझा झालाय, तेपण पाहुणे बसलेले असताना). फारच कडू वाटलं तर आटपाडीच्या डाळिंबाचे दाणे टाका, आईला हे थेर पटत नाहीत पण वाटी चाटूनपुसून संपवते.