मुलांचे सगळे क्लास महिनाभर बंद ठेवून बघा, मग बोलू

मुलुंडकरीण
आमच्या सोसायटीत संध्याकाळी सहानंतर खाली एक पोर दिसत नाही. अबॅकस, कीबोर्ड, बुद्धिबळ, रविवारी स्केटिंग. कुठल्याही आईला विचारा, उत्तर ठरलेलं: "तिच्यात काय आहे ते कळायला नको का?"

माझं म्हणणं, अशाने ते कधीच कळणार नाही. मुलाचा ओढा कुठे आहे हे त्याला कुणी काही सांगत नसतं तेव्हा दिसतं, आणि नेमकी तीच वेळ आपण घरातून हद्दपार केलीय.

समोरच्या फ्लॅटमधली नऊ वर्षांची मुलगी बघा. बिल्डिंगच्या गणपतीत पोरांची भांडणं मिटवणं, झांजा कुणाकडे, ताट कुणाकडे, रुसलेल्याला प्रसाद वाटायला उभं करणं, सगळा कारभार तिचा. कमिटीतल्या मोठ्यांना हे जमत नाही. आईचं मत मात्र "फार आगाऊ आहे", आणि मुलगी कीबोर्डच्या क्लासात पेंगतेय. ज्या गुणाची परीक्षा नाही आणि सर्टिफिकेट नाही, तो आपल्याला गुणच वाटत नाही.

वर बक्षिसांची सवय. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर हीच मुलं इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रं काढत होती. आपल्याकडे इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड म्हणजे दहावीला 7 गुण, बीला 5, सीला 3. दहावी झाली की किती मुलं पुन्हा ब्रश हातात धरतात, आपापल्या घरात बघा.

तबला_गोरेगाव
मी गेली कित्येक वर्षं तबला शिकवतो, त्यामुळे क्लासवाल्यांच्या बाजूने बोलणं आलंच. ताई, तुमचं सगळं ऐकायला गोड आहे. पण 'तिरकिट' हा तबल्याचा बोल नीट वाजेपर्यंत कुठल्याही मुलाला मजा येत नाही. बोटं दुखतात, आवाज थपथप येतो आणि शेजारचा मुलगा पुढे गेलेला असतो. निम्मी गळती तिथेच होते. जी टिकतात त्यांना पहिला कायदा, म्हणजे बोलांची बांधलेली रचना, हातात बसल्यावर जो आनंद होतो, तो मोकळं सोडलेल्या मुलाच्या वाट्याला येत नाही. 'आवडत नाही म्हणतो' म्हणून आईने क्लास सोडवलेली किती मुलं मी पाहिलीत, ज्यांचा हात खरंच चांगला होता!

आणि बक्षिसाचं म्हणाल तर शिवाजी पार्कवर आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला जो बाद करेल त्याचं नाणं, नाबाद राहिला तर सचिनचं. आधी सांगितलेलंच बक्षीस होतं की ते! त्याने सचिनचा ओढा आटला का?

मुलुंडकरीण
सर, ते नाणं दिवसभर खेळून दमलेल्या मुलासाठी होतं, जो मैदान सोडायला तयार नव्हता. ओढा आधी होता, नाणं नंतर आलं. आपण नाणं दाखवून मैदानावर पाठवतो.

तबला_गोरेगाव
मग तुमच्या प्रयोगाचंही अर्धंच सांगितलंत. ज्यांना न सांगता, नंतर अचानक प्रशस्तिपत्रक दिलं, त्या मुलांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे दोष बक्षिसाचा नाही, सौद्याचा.

मुलुंडकरीण
हे मान्य. पण परीक्षेचे गुण हा सौदाच आहे.

बोरिवलीची_आई
हा वाद चाललाय तर विचारते. मुलाच्या शाळेत एका संस्थेचे लोक आले होते. दहा बोटांचे ठसे घेतात आणि मूल कशात हुशार निघेल ते रिपोर्टमध्ये देतात. डीएमआयटी म्हणतात. रिपोर्ट जाडजूड आहे, रंगीत आलेख आहेत. त्यात मुलाचा कल संगीताकडे आलाय. तो तर दिवसभर मोडकी खेळणी उघडत बसतो. काय करावं?

अर्धवट_डॉक्टर
रिपोर्ट रद्दीत द्या आणि त्याला स्क्रू ड्रायव्हर आणून द्या.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात, एवढं खरं. त्यावरून बुद्धीचा कल कळतो याला काहीही शास्त्रीय आधार नाही. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही हे स्पष्ट सांगितलंय. ही मंडळी हॉवर्ड गार्डनर या मानसशास्त्रज्ञाचं नाव वापरतात. त्याने 1983 साली बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते असं मांडलं. त्याच्या मांडणीवर मानसशास्त्रातच बरेच आक्षेप आहेत, तो वेगळा विषय, पण तिच्यात बोटांच्या ठशांचा काडीचा संबंध नाही. चिडायचं कारण असं की मूल तुमच्या डोळ्यांसमोर खेळणी उघडून सांगतंय, आणि तुम्ही विश्वास ठेवताय शाईच्या ठशांवर.

कुजकट_काका
प्रत्येकात काहीतरी दडलेलं असतंच, हे कुणी ठरवलं? मी साठीला आलो, माझ्यात काही सापडलं नाही. नोकरी केली, घराचे हप्ते फेडले, छान झोप लागते.

आणि अस्सल असेल तर ते बाहेर येतंच. कवी नारायण सुर्वे रस्त्यावर सापडलेलं मूल. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने वाढवलं. गिरणीत राबले, पालिकेच्या शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. 1998 मध्ये पद्मश्री. त्यांचा कल ओळखायला कोणता क्लास होता? तुम्ही पालक स्वतःला फार महत्त्व देता.

लालबाग_चाळ_क्र_अमुक
काका, सुर्वे झाले ते आपल्याला माहीत आहेत. जे झाले नाहीत त्यांची नावं तुम्हाला कशी कळणार? माझे वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर घरी बसले, मग वॉचमन. मंडळाच्या पडद्यावर महाल, जंगल, देऊळ रंगवायचे ते. फुटपट्टी न धरता कमान अशी ओढायचे की बघणारा थांबायचा. बाहेर काय आलं? काही नाही. घरभाडं आलं.

आणि मुलुंडच्या ताईंना एक सांगतो, 'क्लास बंद करा' हे ज्यांचे क्लास चालू आहेत त्यांनीच म्हणावं. आमच्या पोरांना दहा बाय बाराच्या खोलीत मोकळा वेळ भरपूर आहे, जागा नाही. खाली खेळायचं तर गाड्या लागलेल्या. माझ्या मुलीला कागद आणि रंग शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी पुरवले. परीक्षेला बसवलं, ए ग्रेड आली. ते 7 गुण होते म्हणून तरी घरात कुणी तिला 'रंगात पैसे घालवू नकोस' म्हणालं नाही. तुम्हाला सौदा वाटतो, आमच्यासाठी ती परवानगी होती.

मुलुंडकरीण
दादा, या बाजूने मी पाहिलं नव्हतं, आणि तुमच्यापुढे वाद घालणार नाही. फक्त एक विचारते. दहावीनंतर ती चित्रं काढते का?

लालबाग_चाळ_क्र_अमुक
काढते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचं म्हणते. आजोबांच्या कमानी तिला कुणी दाखवल्या नव्हत्या, तरी तिच्या चित्रात कमान असतेच. मी बघतो आणि गप्प बसतो, कौतुक केलं की लाजते.

कुजकट_काका
तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मत तेच आहे. सगळ्यांकडे तशी कमान नसते, आणि नसली म्हणून काही बिघडत नाही, हेही पोरांना सांगा की कुणीतरी.

अर्धवट_डॉक्टर
काका, तुमचा खवचटपणा हा गुणच आहे. इथली निम्मी माणसं त्यासाठीच येतात.

वसई_लेडीज_डबा
सगळे मुलांवरच बोलताय. आम्ही काय गेलो?

आमच्या डब्यात भजन असतं. झांजा आहेत, ढोलकी नाही, म्हणून मी डब्याच्या पत्र्यावर ठेका धरते. सुरुवातीला पेंगणाऱ्या बायका वैतागायच्या. आता मी रजेवर असले की फोन येतो. नवऱ्याला हे माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, त्याला तो टाइमपास वाटतो. मुलांच्या क्लासची फी मी भरते, माझ्यासाठी कधी विचारही केला नव्हता.

तबलावाले सर, वय 54. बोटं ठणठणीत आहेत. शिकवाल का?

तबला_गोरेगाव
शिकवतो. पण तिरकिट बसेपर्यंत मजा येत नाही म्हणून तक्रार चालणार नाही.

वसई_लेडीज_डबा
तक्रार नाही करणार. आणि मजा मला पत्र्यावरही येते, तुम्ही ती थांबवू नका म्हणजे झालं. गोरेगाव पूर्व की पश्चिम? विरार फास्ट तिथे थांबत नाही, बोरिवलीला उतरून स्लो पकडावी लागेल.