बायकांच्या औषधाचं घोडं नेमकं कुठे अडलंय?

निशिगंधा: व्हायग्रा १९९८ ला आली, मग बायकांची इच्छाच गेली असेल तर त्यावर औषध शोधायला एवढी वर्षं का लागतायत? डॉक्टरांकडे विषय काढला की "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकायला मिळतं. माहितगारांनी प्लीज नीट सांगा.

रानवारा: मी क्लिनिकल ट्रायल्समध्ये काम करते म्हणून लिहिते. व्हायग्रा रक्तप्रवाह वाढवते, फायझरने ती बायकांवरही तपासली, जवळपास ३००० जणींवर, आणि २००४ मध्ये नाद सोडला, कारण रक्तप्रवाह वाढला म्हणून इच्छा होतेच असं नाही ना. मग आलं फ्लिबॅन्सेरिन, मुळात डिप्रेशनसाठी बनवलेलं, मेंदूवर काम करणारं. अमेरिकेच्या एफडीएने आधी नाकारलं, शेवटी ऑगस्ट २०१५ मध्ये मंजूर केलं, तेही तेव्हा फक्त पाळी चालू असलेल्या बायकांसाठी. रोज रात्री घ्यायचं, आणि फायदा किती तर नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा महिन्याला साधारण अर्धा ते एक समाधानकारक प्रसंग जास्त. इच्छा मोजायची कशी इथेच सगळी गोची आहे. आणि दारूबरोबर बीपी पडून चक्कर येते का हे बघायला जो अभ्यास केला त्यात २५ पैकी २३ पुरुष!! औषध बायकांचं आणि तपासणी पुरुषांवर, याचा मला अजून संताप येतो.

सह्यकडा: एवढ्याशा फायद्यासाठी रोज गोळी? मंजुरीसाठी जी 'इव्हन द स्कोअर' मोहीम चालली तिच्यामागे फ्लिबॅन्सेरिनच्या कंपनीचाच पैसा होता. दमलेल्या बाईला आजारी ठरवून गोळ्या विकू नयेत असं माझं स्पष्ट मत.

रानवारा: मोहिमेबद्दल मान्य, पण ज्या बाईला स्वतःलाच याचा त्रास होतो तिला दमलीयस म्हणून परत पाठवणंही बरोबर नाही. २०१९ मध्ये ब्रेमेलॅनोटाइड आलं, संबंधाच्या निदान ४५ मिनिटं आधी पोटावर किंवा मांडीला टोचून घ्यायचं इंजेक्शन, त्याने बऱ्याच जणींना मळमळतं, तरी निदान संशोधन चालू आहे.

डॉ_शेवंती: स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. निशिगंधाताई, औषधाआधी कारण शोधा. संबंधाच्या वेळी दुखतं का, पाळी गेल्यावर कोरडेपणा आलाय का (त्यावर इस्ट्रोजेनचं क्रीम चांगलं चालतं), थायरॉइड, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत?

निशिगंधा: डिप्रेशनची गोळी चालू आहे, एस्सिटॅलोप्रॅम. हे कुणी विचारलंच नव्हतं मला.

डॉ_शेवंती: तिने इच्छा कमी होऊ शकते. पण मनाने बंद करू नका हं, मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट सांगा, डोस कमी करता येतो किंवा ब्युप्रोपिऑनसारखं डिप्रेशनवरचंच दुसरं औषध देता येतं का ते बघतील.