मदत हवी आहे: स्ट्रिंगचे तुकडे करणारी फंक्शन्स भाषेत टाकतोय, रिकाम्या तुकड्यांचं काय करू?

रिकामटेकडा_रनटाइम

नमस्कार मंडळी,

गेले सहा महिने सुट्टीच्या दिवशी बसून एक छोटी प्रोग्रामिंग भाषा करतोय. कीवर्ड मराठीत, इंटरप्रिटर गो भाषेत लिहिलेला. भाषेला नाव नाही, बारसं व्हायचंय. वापरणारे जगात दोघंच: मी आणि माझी आठवीतली भाची. आता स्टँडर्ड लायब्ररीत (भाषेसोबत आयत्या येणाऱ्या फंक्शन्सच्या संचात) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, तोडायची फंक्शन्स टाकायला घेतली. दोन तासांचं काम वाटलं होतं, तीन आठवडे तिथेच अडकलोय.

झालं असं. भाचीला आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सची फाइल दिली आणि म्हटलं, थकबाकीदारांची यादी काढ. एका ओळीत फ्लॅट, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, मध्ये कॉमा. तिचा प्रोग्राम बरोबर होता, माझं फंक्शन चुकलं.

भाग = फोड("अ-१०२,२५००,,२५००", ",")

अ-१०२ ने फेब्रुवारीचे भरलेले नाहीत. मी आत गोचं फील्ड्सफंक वापरलं होतं, ते रिकामे तुकडे गाळतं. त्यामुळे चारऐवजी तीनच तुकडे आले आणि मार्चचे अडीच हजार फेब्रुवारीत जमा झाले. भाची म्हणाली, "मामा, मार्चमध्ये कोणीच पैसे भरले नाहीत का?" (ज्यांनी सगळे भरले त्यांचं बरोबर येत होतं, पण तिने नेमक्या बुडव्यांच्याच ओळी बघितल्या.)

मग गोचं साधं स्प्लिट लावलं. रकाने जागेवर आले, पण यादीच्या शेवटी एक निनावी फ्लॅट उगवला, तिन्ही महिन्यांच्या थकबाकीसकट. फाइलच्या शेवटी रिकामी ओळ होती, आणि रिकाम्या स्ट्रिंगचं स्प्लिट केलं की गो शून्य नाही, एक रिकामा तुकडा देतं.

तर प्रश्न असे:

रिकामे तुकडे ठेवू, टाकू, की वापरणाऱ्याला विचारू?

किती तुकडे हवेत हा तिसरा आकडा घ्यायचा का? कारण "अ,ब,क,ड" आणि २ असं दिलं तर जावा आणि गो "अ" आणि "ब,क,ड" देतात, पायथन दोनदा कापतं म्हणून "अ", "ब" आणि "क,ड" असे तीन देतं, आणि जावास्क्रिप्ट "अ", "ब" देऊन उरलेलं चक्क फेकून देतं. कोणाचं ऐकू?

विभाजकच (ज्या चिन्हाशी तोडायचं ते, वर कॉमा) रिकामा दिला तर?

आणि नाव. सध्या "फोड" आहे. आंब्याची फोड आठवते, शिवाय पीएचपीत याला एक्सप्लोड म्हणतात, म्हणजे आपण परंपरेत आहोत. तरी कोणाला बरं सुचलं तर सांगा.

आगाऊ धन्यवाद.

जुनाट_सी

रिकामे ठेवा. डोळे मिटून ठेवा.

मी सी मध्ये स्ट्रटोकवर (तिथलं स्ट्रिंग तोडायचं जुनं फंक्शन) दिवस काढलेत. तेही लागोपाठचे विभाजक एकच धरतं, म्हणजे तुमच्या अ-१०२ चं तिथेही हेच झालं असतं. वर ते मूळ स्ट्रिंगमध्येच विभाजकाच्या जागी शून्य बाइट लिहून ठेवतं आणि आपण कुठे होतो ते स्वतःच्या पोटात लपवतं. एका जुन्या नोकरीत मी ओळ स्ट्रटोकने तोडत होतो आणि त्याच लूपमध्ये तारीख तोडायला दुसऱ्या फंक्शनला दिली. तिथेही स्ट्रटोक. परत आलो तर बाहेरच्या लूपला ओळ संपलीय असं वाटलं. प्रत्येक ग्राहकाची तारखेपुढची माहिती गायब, आणि प्रोग्राम कुरकुर न करता संपतोय. स्ट्रटोक_आर (तेच फंक्शन, पण आपण कुठे होतो ते आपल्याकडे ठेवायला देणारं) का आहे ते त्या रात्री कळलं.

पर्ल, रुबी आणि जावा शेवटचे रिकामे तुकडे गुपचूप टाकतात, हे मला त्याहून वाईट वाटतं. मधले राहतात, शेवटचे जातात. म्हणजे फेब्रुवारी बुडवली तर ठीक, मार्च बुडवला तर रकाना गायब. जावात ते टिकवायला तिसरा आकडा उणे एक द्यावा लागतो. नव्या माणसाला हे कळणार कसं?

शिवाय जावाचं स्प्लिट रेग्युलर एक्स्प्रेशन घेतं, म्हणजे साधं चिन्ह नाही, मजकुराचा साचा. "१९२.१६८.१.५" टिंबाने तोडायला जा, हातात शून्य तुकडे. टिंब म्हणजे कोणतंही अक्षर, सगळेच विभाजक ठरले, उरले रिकामे तुकडे, आणि ते शेवटचे म्हणून टाकले. तुमच्या फोडला साधीच स्ट्रिंग घेऊ द्या.

अर्धविराम

जुनाट काकांशी सहमत, पण निनावी फ्लॅटचं उत्तर राहिलं. माझ्या मते तिथे फोडची चूकच नाही.

नियम एकच ठेवा: विभाजक जितके, त्याहून तुकडा एक जास्त. तीन कॉमा, चार तुकडे. शून्य कॉमा, एक तुकडा, मग स्ट्रिंग रिकामी का असेना. गो बरोबर वागतंय.

घोळ वेगळीकडे आहे. कॉमा दोन गोष्टींच्या *मध्ये* येतो. ओळ संपल्याची खूण ओळीच्या *शेवटी* येते. दहा ओळींच्या नीट लिहिलेल्या फाइलमध्ये अशा दहा खुणा असतात, नऊ नाही. तुम्ही दोन्हीला विभाजक समजून फोडच वापरलं, म्हणून अकरावी ओळ जन्माला आली. पायथनमध्ये स्प्लिटलाइन्स वेगळं आहे ते यासाठीच: शेवटच्या खुणेनंतरचा रिकामा तुकडा ते देत नाही, पण नव्या ओळीच्या खुणेवर साधं स्प्लिट केलं तर येतो. रस्टचं लाइन्सही तसंच.

आणि तिसरा प्रकार म्हणजे मोकळी जागा. "राम  आला" मध्ये दोन स्पेस पडल्या म्हणून मध्ये रिकामा शब्द कोणाला हवा असतो? तिथे गाळणंच बरोबर. पायथनने दोन्ही कामं एकाच नावात कोंबली, स्प्लिटला काही न देता बोलावलं तर एक वागणूक आणि स्पेस दिली तर दुसरी. मी शिकवताना दरवर्षी पोरं तिथे ठेचकाळतात.

म्हणून ही तीन कामं आहेत, एका फंक्शनला तीन खिट्ट्या लावू नका. फोड, ओळी, शब्द. ओळी करताना विंडोजची दोन चिन्हांची खूण पूर्ण काढा, नाहीतर एक अदृश्य चिन्ह शेवटच्या रकान्याला चिकटतं आणि मार्चचा रिकामा रकाना "रिकामा आहे का?" विचारल्यावर नाही म्हणतो.

डावीकडून_तिसरा

तिसऱ्या आकड्याबद्दल. तो आकडा लोक कशासाठी देतात ते बघा. माझ्या कोडमध्ये दहापैकी नऊ वेळा तो "पहिल्या खुणेशी एकदाच काप" यासाठी असतो. नोटीस बोर्डवरची ओळ घ्या:

पाण्याची वेळ: ६:३० ते ७:१५

हिला अपूर्णविरामावर फोडलं तर चार तुकडे, आणि पाणी सहा वाजता येऊन गेलं. हवं काय होतं? डावीकडे नाव, उजवीकडे उरलेलं सगळं.

गोमध्ये यासाठी कट हे फंक्शन गोच्या टीममधल्या रस कॉक्स यांनी सुचवलं आणि मार्च २०२२ च्या १.१८ आवृत्तीत आलं. आधीचा भाग, नंतरचा भाग, आणि खूण सापडली का, अशा तीन गोष्टी परत मिळतात. इतकं साधं फंक्शन यायला गो १.० नंतर दहा वर्षं लागली. पायथनकडे पार्टिशन २००६ पासून आहे (२.५), रस्टचं स्प्लिट_वन्स २०२१ मध्ये १.५२ ला पक्कं झालं. सगळे फिरून तिथेच येतात. तुम्ही तिथूनच सुरुवात करा आणि तिसरा आकडा घेऊच नका.

नाव: दुभाग. "दुभाग(ओळ, ":")" वाचताना अर्थ सांगावाच लागत नाही.

मात्रा_वेलांटी

रिकाम्या विभाजकावर सरळ चूक दाखवा. पायथन तेच करतं. तुमची भाषा मराठी आहे, त्यामुळे हा प्रश्न तुम्हाला इतरांपेक्षा लवकर चावणार.

"नमस्ते" घ्या. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) १८ बाइट. गोमध्ये रिकाम्या विभाजकाने तोडलं तर सहा तुकडे: न, म, स, सुटा हलन्त, त, आणि सुटी मात्रा. भाचीला सुटी मात्रा म्हणजे टिंबटिंब वर्तुळावर बसलेली दिसेल आणि ती पुन्हा मामालाच विचारणार. माणसाने मोजली तर अक्षरं तीन: न, म, स्ते. गंमत म्हणजे युनिकोडच्या (सगळ्या लिपींसाठीच्या मानकाच्या) नियमांनी आधी "स्" आणि "ते" वेगळे धरले जायचे, २०२३ च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर एकत्र ठेवायचा नियम आला. म्हणजे कोणती लायब्ररी किती जुनी यावर चार की तीन ते ठरणार. गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत हे नाहीच, बाहेरून आणावं लागेल.

"अक्षरे" नावाचं वेगळं फंक्शन करा, सवडीने. फोडमधून चोरवाट ठेवू नका.

जुनाट_सी

एक राहिलं. फाइल एक्सेलमधून आली असेल आणि कोणी रकाना "२,५००" असा अवतरणात लिहिला, तर यातलं काहीही चालणार नाही. ती सीएसव्ही (कॉमांनी रकाने वेगळे केलेली, अवतरणांचे नियम असलेली फाइल) झाली, तिला स्वतंत्र वाचक लागतो. गोच्या लायब्ररीत आयता आहे, तोच आतून जोडा. फोडला अवतरणचिन्हं शिकवायला बसू नका, मी बसलोय.

रिकामटेकडा_रनटाइम

मंडळी, दंडवत. विभाजक आणि शेवटची खूण हा फरक माझ्या डोक्यातच आला नव्हता.

काल रात्री बसून केलं: फोड (साधी स्ट्रिंग, रिकामे तुकडे राहतात, रिकामा विभाजक दिला तर चूक), ओळी, शब्द, दुभाग. तिसरा आकडा उडवला. अक्षरे पुढच्या महिन्यात. एकेक तुकडा मागेल तसा देणारं रूप करावं का असा विचार होता, गोमध्ये १.२४ पासून स्प्लिटसेक आहे, पण आमची फाइल चाळीस ओळींची आहे. राहू दे.

निनावी फ्लॅट गेला. काका, अवतरणातला "२,५००" खरंच निघाला, ब-३०४ च्या ओळीत. खजिनदारांनी तेवढा एकच तसा लिहिलाय.

शेवटची शंका: दुभागला खूण सापडलीच नाही तर सगळी स्ट्रिंग डावीकडे ठेवू की उजवीकडे?

डावीकडून_तिसरा

डावीकडे. उजवीकडे रिकामं, तिसरं "असत्य". आणि ते तिसरं गाळू नका, नाहीतर "पाण्याची वेळ:" आणि "पाण्याची वेळ" यांत फरकच उरणार नाही. पहिल्यात वेळ लिहायची राहिलीय, दुसरं नुसतं शीर्षक आहे.