कारखाना विकतोय हे कामगारांना कधी सांगायचं?

शिरोलीकर: काल इथे एकाने लिहिलं, "दलालामार्फत गुपचूप कारखाना विकणारा मालक कामगारांचा गळा कापतो." वाचून झोप लागली नाही. शिरोलीत आमची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना होता. वडिलांना छातीचा त्रास सुरू झाला तेव्हा त्यांनी सरळ फोरमनला सांगितलं, "विकायचं म्हणतोय." पंधरा दिवसांत मोठ्या गिऱ्हाइकाने टेम्पो लावून आपले पॅटर्न, म्हणजे साचे करायचे नमुने, उचलून नेले. पिग आयर्नवाला, म्हणजे कच्चं लोखंड देणारा, उधारी बंद करून रोख मागू लागला. बँकेतून सीसीबद्दल, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाबद्दल, फोन आला. चांगले मोल्डर, म्हणजे साचे भरणारे, शेजारच्या कारखान्यात गेले. शेवटी भट्टी भंगाराच्या भावाने गेली आणि राहिलेल्या अठरा जणांची नोकरीही. गुपित ठेवलं असतं तर ती वाचली असती.

मोल्डर२२: ते मीच लिहिलं होतं. बावीस वर्षं साचे भरले. "ऑडिटवाले आलेत" म्हणून दलालाने शेडमध्ये माणसं फिरवली, मी स्वतः त्यांना चहा दिला. ते विकत घेणारे होते हे चहाच्या टपरीवर कळलं. नवा मालक म्हणाला, तुमची नोकरी आजपासून धरणार. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराने मोजतात, म्हणजे माझं किती गेलं ते तुम्हीच काढा.

हिशेबनीस: ही लबाडी झाली, गोपनीयता नव्हे. नीट दलाल आधी नाव न घालता एक पान फिरवतो, गुपित राखण्याच्या करारावर सही घेतो, मगच ताळेबंद दाखवतो. आणि नोकरी सलग धरायची, नाहीतर भरपाई द्यायची, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५ एफएफमध्ये होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तुम्ही भांडायला हवं होतं.

मोल्डर२२: कोणाच्या पैशाने?

भोसरीची_सून: दलाल धंदा विकतच नाहीत हो, प्लॉट विकतात! आमच्या शेडला आलेल्या तिघांपैकी एकानेही ऑर्डरबुक उघडलं नाही, क्षेत्रफळ तेवढं विचारलं. जमीन एमआयडीसीची, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याची. हस्तांतराला परवानगी लागते, शुल्क भरावं लागतं. दलालाने हे शेवटी सांगितलं आणि आमचा हिशेब कोसळला.

शिरोलीकर: ते दलालाशी करारात आधीच लिहून घ्यायचं असतं.

भोसरीची_सून: सासऱ्यांनी चाळीस वर्षं लेथ चालवला, कागद नाही वाचले. वाचायचे कोणी? दलाली घेणाऱ्यानेच ना? आणि अर्ज गेल्यावर कसलं गुपित? दुसऱ्या दिवशी अख्ख्या ब्लॉकला माहीत.

हिशेबनीस: शुल्काचं मान्य. तो दलाल चुकला. पण म्हणून सगळे तसेच, हे नाही मान्य.

मोल्डर२२: प्लॉटचं तुमचं चालू द्या. मला एवढंच हवं होतं की टोकन घेतल्याच्या दिवशी मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगावं.

शिरोलीकर: ऑडिटचं खोटं बोलायला नको होतं, हे मानतो. पण टोकनच्या दिवशी नाही, सह्या झाल्यावर. टोकन परत जाताना मी पाहिलंय.

मोल्डर२२: सह्या झाल्यावर आमच्या हातात काय उरतं?