खानदेशातलं ऊन आणि घरातलं कुत्रं : तुमचे अनुभव लिहा

राम राम मंडळी. बहिणीच्या पोराने हट्ट धरलाय, हस्कीच पाहिजे. रील्स बघून बघून त्याचेच डोळे निळे व्हायची वेळ आलीय. ताई म्हणते तू समजाव, तुझं ऐकतो तो. आता जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, आणि हे सायबेरियात बर्फावर गाडी ओढणारं जनावर, अंगावर केसांचे दोन थर, त्याला दिवसभर एसीत कोंडून ठेवायचं तर पाळायचं कशाला? म्हणून विचारतोय. कुठलंही कुत्रं असेल तर लिहा, पण नुसतं कौतुक नको. उन्हाळा कसा काढता, खायला काय घालता, लग्नाला गावाला गेलात तर कोणाच्या गळ्यात मारता, ते लिहा.

भुसावळ, रेल्वे क्वार्टर :
आमच्याकडे काळा लॅब्राडोर, म्हणजे लॅब. स्वभाव एक नंबर, दूधवाला आला तरी शेपटी, चोर आला तरी शेपटी, राखणीसाठी घेणार असाल तर विसरा. पण खादाड किती! ताट संपवून परत ताटाकडेच बघतो. डॉक्टर म्हणाले लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकातला एक तुकडा बऱ्याचदा गायब असतो, साधारण चारातल्या एकात, २०१६ ला केंब्रिजवाल्यांनी शोधलं, त्यामुळे पोट भरल्याचं त्यांना नीट कळतच नाही. म्हणून घरात नियम, मोजून द्यायचं आणि पाहुण्यांनी हातातली शेव टाकायची नाही. पाहुणे ऐकत नाहीत तो भाग वेगळा. वजन वाढलं की मागचे पाय धरतात, लॅबला खुब्याचा त्रास तसाही असतो, आणि क्वार्टरची फरशी गुळगुळीत, म्हणून त्याच्या बसायच्या जागी पोती अंथरलीत. फिरवायला उजाडायच्या आत. संध्याकाळी डांबरी रस्त्यावर आधी स्वतःचा तळहात ठेवून बघतो, चटका बसला की परत घरी. आणि बदलीवाल्यांनो, गाडीत कुत्रं न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. उन्हाळ्यात त्या पेटीत मी तरी घालणार नाही.

रावेर, केळी बागायत :
आम्ही ब्रीड बिड काही घेत नाही भो. मळ्यावर गावठी दोन, लाल्या आणि त्याची बहीण. सकाळी कळण्याची भाकरी दुधात कुस्करून, मधूनमधून अंडी. केळीत गारवा असतो, दुपारभर ठिबकच्या ओल्या मातीत खड्डा करून पडलेले असतात, कूलर लागत नाही की काही नाही. आमची काळजी वेगळी, सातपुडा जवळ, बागेत बिबट्या उतरतो आणि त्याला कुत्रं सगळ्यात सोपं. म्हणून रात्री बाहेरच्या बाजूने खिळे असलेला पट्टा घालतो गळ्यात, तो मानच धरतो ना. पिल्लं तर खोलीत आतच. दुसरं म्हणजे गोचीड. कानाच्या आत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात बघा, तिथे लपतात, एरंडाच्या बियांसारखे टम्म फुगलेले. गोचीडतापात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, तेव्हा घरगुती लेप लावत बसू नका, सरळ रक्त तपासा. आणि गावठी असलं तरी रेबीजची सुई दरवर्षी, यात कंजुषी नाही.

धुळे, देवपूर :
पग आहे. चपटं नाक, म्हणजे श्वासाची आधीच बोंब. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच गार व्हायचं, आणि याचं नाकच अर्धं. लाइट गेली की आमचीच धडधड वाढते. अंगाचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक, १०४ च्या पुढे गेलं की पोट, पंजे साध्या पाण्याने भिजवायचे, पंख्याखाली धरायचं, तसंच दवाखान्यात. बर्फाचं पाणी नको. गोड आहे हो, पण दुसरा पग घेणार नाही.

साक्री :
कारवान. इथे मेंढपाळांकडे अशी उंच, लांब तोंडाची कुत्री बघत मोठा झालो, मग मलाही तेच पाहिजे होतं. कर्नाटकात मुधोळच्या नावाने ओळखतात, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावरही आलं होतं. बरगड्या दिसतात म्हणून येणारा जाणारा विचारतो, "काय रे भो, कुत्राले खावाले देत नही का?" अरे बाबा, ते असंच असतं! केस बारीक, ऊन सोसतं, पण मोकळं रान पाहिजे. फ्लॅटमध्ये वेडं होईल. मांजर पळालं की तुमची हाक बिक काही ऐकू येत नाही त्याला.

अमळनेर :
आमच्याकडे जो आहे त्याला सगळे पामेरियन म्हणतात, खरं तर इंडियन स्पिट्झ. केस बघून घाबरू नका, इथे बऱ्यापैकी टिकतो, फक्त उन्हाळ्यात चामडीपर्यंत भादरू नका, त्या केसांनीच ऊन अडतं, रोज विंचरा. भुंकणं मात्र प्रचंड. आमच्या आजी आधी शिवत नव्हत्या, आता भरीत करायच्या आधी त्याच्यासाठी भाजलेलं वांगं बाजूला काढतात, कारण कांदा कुत्र्याला विषारी. द्राक्षं, बेदाणेही तसेच, प्रसादाच्या शिऱ्यावर नजर ठेवा.

(धागाकर्ता) भुसावळवाले, तळहाताचं भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणतो मामा, मग पिल्लू हिवाळ्यात घेऊ. आता काय बोलणार! रावेरवाले, लाल्याच्या बहिणीला पिल्लं झाली की कळवा. पार्व्होच्या, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या रोगाच्या, सुया दीड-दोन महिन्यांपासून सुरू करायच्या, ते मी बघतो.