सूर्यमाला खऱ्या मापात मुलांना कशी दाखवावी? जागा ९० मीटर

घोडबंदर_पालक

नमस्कार. सोसायटीतली तिसरी ते सातवीची १८ मुलं आहेत, रविवारी सकाळचे दोन तास हाताशी आहेत. थर्माकोलचे गोळे तारेवर लावलेलं मॉडेल नको. त्यात गुरू शनीला खेटून बसतो आणि मुलांच्या डोक्यात तेच चित्र पक्कं होतं. आकार आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात दाखवता येईल का? पोडियमवर सरळ ९० मीटर मिळतात. दुसरी अडचण म्हणजे निम्मी मुलं म्हणतात, "सूर्य पण ग्रहच, देवळात नवग्रहांत असतो ना!" त्यांना काय सांगायचं?

टेपवाला_ठाणे

नक्की येईल. १ मीटर म्हणजे १ कोटी किलोमीटर हे प्रमाण धरा. आपण मोजतोच कोटीत, त्यामुळे पाचवीतलं मूलही हिशेब स्वतः करतं. पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर, म्हणजे १५ मीटरवर. बुध ५.८, शुक्र १०.८, मंगळ २२.८, गुरू ७८. इथवर तुमच्या पोडियमवर मावतं. पुढे शनी १४३, युरेनस २८७, नेपच्यून ४५० मीटर.

सूर्यासाठी पुठ्ठ्याची १४ सेंटिमीटर व्यासाची पिवळी चकती कापा. पृथ्वी सव्वा मिलिमीटरची होते, म्हणजे नाचणीचा दाणा. शुक्रही नाचणीच, जरा बारीक निवडून. मंगळ खसखशीचा बारीक दाणा, बुध बारीक रव्याचा कण. गुरूला १४ मिलिमीटरची गोटी लागते; नेहमीची गोटी बहुधा १६ची असते, म्हणून पट्टीवर मापून घ्या. युरेनस आणि नेपच्यूनला काळी मिरी, ५ मिलिमीटरची. शनीला भिजवलेला छोला चालेलसं वाटतं, पण उन्हात तो आक्रसतो आणि कार्डावरून सुटतो. त्यापेक्षा क्लेची पावणेबारा मिलिमीटरची गोळी करा. कडी कागदाची: बाहेरचा व्यास २७, आतलं भोक १५ मिलिमीटर.

प्रत्येक दाणा फेविकॉलने कार्डावर चिकटवा, सुटे दाणे वाऱ्यावर उडतात. खसखस आणि रवा काळ्या कार्डावर, नाचणी पांढऱ्यावर, नाहीतर दिसतच नाहीत. अंतर पावलांनी मोजू नका, तिसरीतल्या आणि सातवीतल्या मुलाच्या पावलात फार फरक पडतो. नायलॉनची दोरीही ताणली की लांबते. बांधकामवाल्यांकडे असतो तो ३० मीटरचा फायबर टेप आणा.

सगळ्यात मोलाची गोष्ट पृथ्वीच्या कार्डापाशी आहे. मुलांना तिथे उभं करून चकतीकडे बघायला सांगा. आकाशातला सूर्य जेवढा दिसतो तेवढीच ती दिसते, अर्ध्या अंशाची. पडताळा पौर्णिमेच्या चंद्राशी घ्या, तोही तेवढाच दिसतो. खऱ्या सूर्याकडे बघून ताडायला मुलांना अजिबात सांगू नका.

पंचांग_आणि_दुर्बीण

नवग्रहांबद्दल. मुलं चुकलेली नाहीत, शब्दाचा अर्थ बदलला आहे, हे त्यांना आधी सांगा. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जागा बदलताना दिसतात ते जुन्या अर्थाने ग्रह, म्हणून सूर्य आणि चंद्र त्यात आले. बुध ते शनी हे पाच नुसत्या डोळ्यांनी दिसणारे, असे सात झाले, आणि त्या सातांचीच नावं आपल्या वारांना आहेत. राहू आणि केतू या वस्तूच नाहीत. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो ते दोन बिंदू. ग्रहण त्यांच्या आसपासच होतं. दोन हुलाहूप एकात एक तिरपे धरून ते बिंदू हाताने दाखवा, शब्दांनी समजवत बसू नका. युरेनस दुर्बिणीतून १७८१ साली सापडला, नेपच्यून १८४६ साली, म्हणून देवळात ते नाहीत. आणि पृथ्वी त्या यादीत का नाही, हे मुलांनाच विचारा.

प्लुटोचा प्रश्न येणारच. २००६ पासून तो बटुग्रह आहे. याच प्रमाणात त्याचं सरासरी अंतर ५९० मीटर.

घोडबंदर_पालक

मनापासून आभार दोघांचे. गुरूपुढच्या ग्रहांसाठी मासुंदा तलावाच्या काठाने चालत गेलं तर? आणि मंगळ-गुरूच्या मधे लघुग्रह म्हणून वाळू पसरावी का?

टेपवाला_ठाणे

तलावाचा काठ नको. काठ वळतो, त्यामुळे चालणं ४५० मीटर झालं तरी सूर्य पाण्यापलीकडे जवळच दिसतो आणि सगळा परिणाम जातो. फोनच्या नकाशात अंतर मोजायची सोय असते, तिथे वाहनं नसलेला सरळ पट्टा शोधा. नाहीच मिळाला तर १ मीटरला २ कोटी धरा. नेपच्यून २२५ मीटरवर येतो, पण सगळे दाणेही निम्मे करावे लागतात आणि पृथ्वीच खसखशीएवढी होते.

वाळू मुळीच नको. ३१ ते ४९ मीटरचा पट्टा खडूने आखा आणि रिकामा ठेवा. तिथले सगळे लघुग्रह एकत्र केले तरी चंद्राच्या वस्तुमानाच्या तीन-चार टक्केच भरतात. वाळू बघून मुलांना ते दगडांचं दाट जंगल वाटेल.

प्रकाशाचा वेग जरूर घ्या. या प्रमाणात तो सेकंदाला ३ सेंटिमीटर होतो. एका मुलाने जमिनीवर बोट सरकवत न्यायचं, दुसऱ्याने घड्याळ बघून सेकंद म्हणायचे. पृथ्वीपर्यंत ८ मिनिटं २० सेकंद लागतात. मुलं कंटाळतील, दर मिनिटाला बोट बदला. आणि चंद्र विसरू नका: पृथ्वीच्याच कार्डावर, नाचणीपासून ३.८ सेंटिमीटरवर, बारीक पेनाने एक टिंब.