मदत हवी आहे: पद्मिनी घाटात गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते

घाटवाट:

नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४. इंजिन मूळचंच १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला, कार्बोरेटर सोलेक्स, पेट्रोलचा पंप इंजिनावरचा मेकॅनिकल पंप ('एसी' बनावटीचा).

सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला सुरू होते. सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाने तासभर चालवली तरी तक्रार नाही. पण पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये पाच-सात मिनिटं झाली की आधी पिकअप जातो, मग गचके, मग बंद. सेल्फ ठणठणीत फिरतो, इंजिन धरत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू होते.

बदलून झालेलं: सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट), कंडेन्सर, कॉइल, चारही प्लग, कार्बोरेटरचं किट, पंपानंतरचा पारदर्शक फिल्टर. रेडिएटर रॉडिंग केलाय (नळ्या सळईने साफ), तापमानाचा काटा मध्याच्या जरा वर जातो, पाणी उकळत नाही. एक मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटरच बदला, दुसरा म्हणतो इलेक्ट्रिक पंप लावा. पैसे घालायच्या आधी दोष कुठे आहे हे नक्की कसं करायचं?

सोलेक्स३२:

आता एकही पार्ट बदलू नका. गाडी बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं महत्त्वाची, कारण अर्ध्या तासाने पुरावा नाहीसा होतो. त्या पाच मिनिटांत याच क्रमाने बघा.

आधी करंट. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातून कॉइलची मधली वायर काढा, टोक ब्लॉकच्या कोऱ्या धातूपासून ६-७ मिमीवर धरा (हाताने नाही, कोरड्या लाकडी चिमट्याने, आणि कार्बोरेटरपासून लांब), दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक किंवा मधेच गायब होणारी असेल तर दोष इग्निशनमध्ये आहे. कंडेन्सर नवा बसवलाय म्हणून तो बरा आहे असं धरून चालू नका. बाजारातले नवे कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतात आणि लक्षणं हुबेहूब पेट्रोल तुटल्यासारखी दिसतात. साधारण ०.२० ते ०.२५ मायक्रोफॅरड असावा. पॉइंट उघडून बघा: एका बाजूला खड्डा आणि समोर तेवढाच उंचवटा असेल तर कंडेन्सर चुकीचा आहे. गॅप ०.४ ते ०.५ मिमीच्या मध्ये, फिलर गेज घालून, नजरेने नाही. बॅलास्ट (कॉइलचा करंट कमी करणारा रेझिस्टर) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलची प्रायमरी साधारण ३ ओहम भरते. दीडच्या आसपास भरली तर बॅलास्टवाली कॉइल थेट १२ व्होल्टवर लावली गेली आहे, ती तापणारच.

करंट बरा असेल तर एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या घशात बघा आणि ॲक्सिलरेटरची कांडी हाताने ओढा. ॲक्सिलरेटर पंपाची बारीक धार दिसली पाहिजे. नसेल तर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधला पेट्रोल साठवणारा कप्पा) कोरडा आहे, म्हणजे पेट्रोल पोचतच नाही. मग कार्बोरेटर बदलून काय होणार?

लगेच टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय किंवा कोणीतरी बिनभोकाचं कुलूपवालं झाकण बसवलंय. टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंप ओढून ओढून थकतो. यात गरमीचा काही संबंध नसतो, पण लोक घाटाला दोष देतात.

शेवटी फडका ओला करून पंपावर गुंडाळा. तीन-चार मिनिटांत सुरू झाली तर व्हेपर लॉक, म्हणजे गरमीने पंपात-नळीतच पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडतोय. तोच फडका घट्ट पिळून आधी कॉइलवर ठेवून बघा, म्हणजे दोन गोष्टींची गल्लत होणार नाही. बाटलीभर पाणी ओतू नका, तापलेल्या बिडाला आणि डिस्ट्रिब्युटरला दोघांनाही ते मानवत नाही.

तेलकट_हात:

ओल्या फडक्यावरून: मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींमध्ये मे महिन्यात हा फडका जवळजवळ कंपनी फिटिंगच होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस ती रस्त्यावरून गेली. फडका मात्र उपाय नाही, चाचणी आहे.

आणखी एक मोजमाप करा, घरीच होतं. कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून मिलीच्या खुणा असलेल्या बाटलीत सोडा, कॉइलची मधली वायर काढून ब्लॉकला अर्थ करा आणि १५ सेकंद सेल्फ मारा. थंड इंजिनावर किती मिली आलं ते लिहा. मग नळी जोडून फिरवून आणा आणि गरम असताना परत तेच. आकडा निम्म्याखाली गेला तर पंप किंवा त्याच्या मागची लाइन. जवळ विडी-काडी नको, अग्निशामक हाताशी असू दे.

डिपस्टिकही हुंगून बघा. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढली असेल तर पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल इंजिनाच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरतंय. तशा तेलावर इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात.

घाटवाट:

रविवारी चाचण्या झाल्या.

ठिणगी निळी, ७ मिमीवरून व्यवस्थित उडी मारते. कॉइल ३.१ ओहम. ॲक्सिलरेटर पंपाची धार पहिल्यांदा जेमतेम, दुसऱ्यांदा काहीच नाही. टाकीच्या झाकणाला आवाज नाही. कॉइलवर फडका: शून्य फरक. पंपावर फडका: चार मिनिटांत सुरू. १५ सेकंदांत थंड असताना ७० मिली, गरम असताना २५. डिपस्टिकला वास नाही. फिल्टर मात्र कधीच पूर्ण भरत नाही, पाव भागच भरलेला असतो. पंपाचा फोटो टाकलाय.

सोलेक्स३२:

फिल्टर अर्धा रिकामा दिसणं हा दोष नाही, बहुतेक गाड्यांत वर हवा अडकूनच असते. बुडबुडे येतात का ते बघायचं. इंजिन थंड असताना, सुरू केल्या केल्या, जरा रेस देऊन फिल्टरकडे बघा. वाफ फक्त गरमीत होते. थंड इंजिनावर बुडबुडे दिसले तर ती वाफ नाही, बाहेरची हवा आहे.

फोटोत पंपाच्या टाकीकडच्या बाजूला ती पिवळट पारदर्शक नळी दिसतेय, ती पीव्हीसीची आहे का?

घाटवाट:

थंड असतानाही बारीक बुडबुड्यांची माळ दिसते! आणि हो, नळी पारदर्शक प्लास्टिकची आहे, दोन्ही टोकांना तार पिळून बांधलेली. पेट्रोल ठिबकत नाही म्हणून तिकडे लक्षच गेलं नाही.

सोलेक्स३२:

ठिबकणार नाहीच. पंप आणि टाकी यांच्यामधल्या लाइनवर दाब नसतो, ओढ असते. तिथे भोक पडलं तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पीव्हीसी गरमीत मऊ होते, गार झाली की आधीपेक्षा कडक होते, आणि असं शंभरदा झालं की टोकाशी पकड सुटते. नखाने दाबून बघा, काचेसारखी वाजेल. सपाटीवर इंजिनाला थोडं पेट्रोल लागतं म्हणून भागतं. घाटात पूर्ण ॲक्सिलरेटरवर याच इंजिनाला मिनिटाला २००-२५० मिली लागू शकतं, तेव्हा पंप निम्मी हवाच ढकलत असतो. त्यात बॉनेटखालची गरमी, ओढीमुळे आधीच खाली आलेला उत्कलनबिंदू. म्हणजे तुमच्याकडे हवा आणि वाफ दोन्ही आहे, पण सुरुवात हवेपासून.

करायचं ते असं. रबरी नळी इंजेक्शन गाड्यांच्या दर्जाची, वर एसएई जे३० आर९ छापलेली घ्या. साधी काळी नळी इथेनॉलला टिकत नाही. पंपाच्या नळकांडीचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून मग दुकानात जा. एवढ्या बारीक नळीला स्क्रूवाली पट्टीची क्लिप लंबगोल आवळते आणि दोन बाजूंनी फट राहते, म्हणून गोल मिनी क्लिप, नटबोल्टवाली. लोखंडी लाइनच्या टोकाला उंचवटा नसेल तर फ्लेअरिंगच्या हत्याराने हलका मणी काढून घ्या. आणि नळी एक्झॉस्टपासून चार बोटं तरी लांब फिरवा.

बसवल्यावर पंपाच्या टाकीकडच्या तोंडावरची नळी काढून तिथे बोट ठेवा, सेल्फ मारा. बोट ओढलं गेलं पाहिजे आणि सेल्फ थांबल्यावरही दोन-चार सेकंद धरून राहिलं पाहिजे. लगेच सुटलं तर पंपाचा व्हॉल्व्ह किंवा वरच्या झाकणाचं गॅस्केट बघा.

कुर्ला_ते_कात्रज:

मी तर थेट इलेक्ट्रिक पंपच सुचवेन. सध्याच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर मेकॅनिकल पंप किती दिवस पुरणार?

तेलकट_हात:

आधी गळती मिटवा, मग पंपाचं बघू. इलेक्ट्रिक पंप हवेची गळती झाकतो, बरी करत नाही; आणि ओढीच्या लाइनला दाब दिला की तीच फट आता पेट्रोल बाहेर फवारते, तेही एक्झॉस्टजवळ.

लावायचाच असेल तर नीट लावा: डिकीच्या बाजूला, टाकीच्या तळापेक्षा खाली, कारण हे पंप ढकलायला चांगले, ओढायला वाईट. दाब अडीच-तीन पीएसआयच्या आत. जास्त दिला की सोलेक्सची निडल (फ्लोट चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) उघडी राहते आणि कार्बोरेटर वाहतो. स्वतंत्र रिले, फ्यूज आणि ऑइल प्रेशर स्विचवर कटऑफ, म्हणजे अपघातात इंजिन बंद पडलं की पंपही थांबेल. मेकॅनिकल पंप त्याच लाइनमध्ये ठेवू नका. उद्या त्याचा पडदा फाटला तर इलेक्ट्रिक पंप सगळी टाकी तेलाच्या चेंबरमध्ये रिकामी करेल. तो काढून ब्लॉकवरच्या तोंडाला प्लेट मारा.

मेकॅनिकलच ठेवणार असाल तर पंप आणि ब्लॉकमधला काळा बेकलाइट ठोकळा जागेवर आहे ना, तडकलेला नाही ना, ते बघा. तो गरमी अडवतो, शिवाय पंप हलवणाऱ्या दांडीचा स्ट्रोक त्याच्या आणि गॅस्केटच्या जाडीवर ठरतो. गॅस्केट जास्त लावली की स्ट्रोक कमी आणि पेट्रोलही कमी. बसवताना मूळ जाडीच पाळा.

जुनी_खोडी:

ई२० बद्दल दोन गोष्टी. फियाट ११०० डी इटलीत आली १९६२ ला, कुर्ल्यात बनायला लागली १९६४ ला, १९७४ ला तिचं नाव पद्मिनी झालं. पण रबर, कॉर्क आणि जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) सगळं निव्वळ पेट्रोलचा हिशेब धरून. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि पाणी शोषतं, म्हणून महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या फ्लोट चेंबरच्या तळाला पांढरट भुकटी सापडते. पंपाचा पडदा इथेनॉल-रोधक मागून घ्या आणि उभी ठेवायच्या आधी फ्लोट चेंबर रिकामा करा.

दुसरं, ई२० वर मिश्रण साधारण ७-८ टक्के पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं. पातळ मिश्रण जास्त तापतं आणि घाटात गचके देतं. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग. ११५ लिहिलं असेल तर १२० लावल्यावर भोकाचं क्षेत्रफळ ९ टक्क्यांच्या आसपास वाढतं, म्हणजे बरोबर तेवढंच हवं. एकच पायरी वर जा, २०-२५ किमी चालवून प्लग काढा: फिकट तपकिरी हवा, पांढरा नको. तार घालून जेट मोठा करण्याचा प्रकार कृपया नको, भोक अंडाकृती होतं आणि मग कुठलाच आकडा खरा राहत नाही.

कार्बोरेटरखालचा इन्सुलेटरही (गरमी अडवणारा तुकडा) बघून घ्या. दोन्ही बाजूंनी पातळ गॅस्केट, आणि नट हलकेच. करकचून आवळल्याने फ्लँज वाकलेले कार्बोरेटर इतके मिळतात की वापरलेला घेताना पट्टी लावून सरळपणा तपासल्याशिवाय घेऊ नये. डिलाइट, प्रेसिडेंट (याच गाडीची आधीची नावं), पद्मिनी यांचे बरेच पार्ट एकमेकांना चालतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना नमुना हातात घेऊनच जा.

घाटवाट:

नळी, क्लिप, पंपाचा पडदा झाला. लोखंडी लाइनच्या टोकाला मणी काढून घेतला. बोट धरून राहतं. १५ सेकंदांत थंड ८०, गरम ६५ मिली. थंड इंजिनावर बुडबुडे नाहीत. काल खंबाटकी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये न थांबता चढली.

एक उरलं: वर दहा मिनिटं चहाला थांबल्यावर सुरू व्हायला कुरकुर करते. पेट्रोलचा वास येतो, धरली की थोडा काळा धूर. फडका न लावता दोन-तीन मिनिटांत सुटते.

सोलेक्स३२:

हा उलटा प्रकार आहे. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, खालची गरमी वर चढते, फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि इंजिन फ्लड होतं. चोकला हात लावू नका, पेडल पंपिंग करू नका. प्रत्येक दाबाला ॲक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल ओततो. पेडल सावकाश तळापर्यंत दाबून तिथेच धरा आणि सेल्फ मारा, धरल्याबरोबर सोडा. थांबताना बॉनेट पहिल्या खटक्यावर उघडं ठेवलं तरी फरक पडतो. एवढं करूनही त्रास राहिला तर फ्लोटची पातळी जास्त आहे का आणि निडल गळतेय का ते बघा. आणि तो कार्बोरेटरखालचा इन्सुलेटर तपासलात का?

घाटवाट:

इन्सुलेटर होताच कुठे. दोन कागदी गॅस्केट एकावर एक चिकटवलेल्या निघाल्या. शनिवारी नाना पेठेत जातोय.